आपलं मागनं

आई, काखेतल्या गाठीची तपासणी मी परत पुढे ढकलली. डॉक्टरबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, गाठ लहान आहे, पण सुई घालून बघितल्याशिवाय काही म्हणता येणार नाही, उशीर करू नका. मी हो हो म्हटलं. आधी पोराची परीक्षा निघाली, मग दिराचं लग्न, आता ऑफिसचं काम. कंपनी पुण्यात, पण मी सोलापुरातच घरी बसून काम करते. तू असतीस तर विचारलं असतंस, दिवसभर त्या डबड्यात डोकं घालून करतीस तरी काय?

सांगते. वायफायच्या कार्डातून फोनवरचं बोलणं, चित्रं, कागदपत्रं, सगळं बारीक पाकिटं होऊन हवेत जातं. वाट एकच आणि पाकिटं ढीगभर, म्हणून त्यांच्या रांगा लावायच्या. त्या रांगा सांभाळणारा प्रोग्राम मी लिहिते. बोलण्याची रांग सगळ्यात पुढं, कारण ते अडकलं तर समोरच्याला अर्धंच ऐकू येतं. मग व्हिडिओ, मग बाकीचं, आणि ज्याला घाई नाही ते सगळ्यात मागं. कार्ड भरलं की रांग थांबवायची, जागा झाली की परत सोडायची. तुझी पिठाची गिरणीच की ही. डब्यांची ओळ पार रस्त्यापर्यंत गेलेली असते, तुझ्या भुवयांवरसुद्धा पीठ असतं, आणि बाळंतिणीच्या घरचा डबा आला की तू तो उचलून पुढं ठेवतेस. कुणी कुरकुरलं तर नुसती बघतेस. आपला डबा मात्र कोपऱ्यात. मी भुकेनं कावून विचारायचे, आपलं कधी दळणार? तू पेटीत धान्य ओतता ओतता म्हणायचीस, "आपलं मागनं. घरचंच हाय की." आपला नंबर यायच्या आत कितीदा लाईट जायची, आणि मग आपण चुरमुऱ्यांवर भागवायचो.

या आठवड्यात एक तक्रार आली. काही यंत्रांचे अहवाल पोचतच नव्हते. शोधलं तर शेवटची रांग थांबलेली. कार्डात जागा झाली की वरच्या रांगा ती पटकावायच्या, आणि खालच्या रांगेला उठवायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं. तिच्यातली पाकिटं शिळी होऊन फेकली जात होती. कुठं एरर नाही, काही नाही, सगळं कसं छान चाललंय असंच दिसायचं. बरोबरचा मुलगा म्हणाला, मॅडम, ती मागचीच रांग आहे, थांबेल की. मी त्याच्यावर अशी भडकले की विचारू नकोस. "मागं म्हणजे कधीच नाही, असं कुणी सांगितलं तुला?" त्या बिचाऱ्यावर राग नव्हताच माझा.

तू गेलीस त्या दिवशी सकाळपासून तुझी छाती दुखत होती. तू आधी दारातले सगळे डबे दळलेस आणि मग दवाखान्यात गेलीस. शेजारच्या मावशी बरोबर होत्या, त्यांनीच सांगितलं सगळं. तुझा नंबर आला होता, पण तू तापानं फणफणलेल्या लेकराच्या आईला पुढं धाडलंस. "त्यास्नी जाऊ द्या, मला काय घाई न्हाय." आणि तिथंच बाकावर कलंडलीस. मी तेव्हा पुण्यात नोकरीला, तिथून पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं. जो तो तुझा मोठेपणा सांगत होता. मी मान हलवत रडत होते आणि आतून जळत होते. लष्कराच्या भाकऱ्या भाजता भाजता तू मला पोरकं केलंस, आई. त्या लेकराच्या आईला दोन शब्दांत सांगता आलं नसतं का, की मलाही दुखतंय?

रांगेची दुरुस्ती सोपी निघाली. वरच्यांचं थोडं झालं की खालच्या रांगेलाही वाट द्यायची, एवढंच. ते पाठवलं आणि डॉक्टरबाईंकडे उद्याची वेळ घेतली. जेवताना घरात सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, उद्या तर मला डोळे दाखवायला जायचंय ना? मी म्हटलं, "तुमचे डोळे परवा दाखवू." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नुसतं बरं म्हणाल्या.

हे पत्र कुठं टाकणार? राहू दे इथंच. गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणतात, अगदी आईवर गेलीस, आणि मी हसते. पण मला तुझ्यासारखं व्हायचं नाही गं. मला जगायचंय.