रिकाम्या बशीतले लोम्नियम

व्हिएन्ना,
मंगळवार, २० फेब्रुवारी १९२३

ती. बाबांस,
बुर्गीचा सा. न. वि. वि.

गेल्या पत्रात माझ्याकडून चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. नवे किरणोत्सर्गी मूलद्रव्य सापडले, असे मी लिहिले होते. सापडले असावे, असे लिहायला हवे होते. आपल्या खाणीतल्या खनिजाची भुकटी बशीत ठेवली की रसायनाचा लेप दिलेल्या पडद्यावर मिनिटाला चाळीसेक ठिणग्या चमकतात, आणि खनिजातल्या माहीत असलेल्या मूलद्रव्यांतून एवढ्या निघायला नकोत. पण रिकामी बशी मी अजून मोजलेली नाही. हे सांगितले तर आमचे प्रोफेसर लिंटनर हसले. म्हणाले, की रिकाम्या वाटीत चमचा घालून सूप थोडेच मिळते. नाव त्यांनी मलाच सुचवायला सांगितले. मी आपल्या लोम्नित्स ओढ्यावरून दिले: लोम्नियम.

मोजणीआधी डोळे सरावायला अर्धा तास अंधारात एकटीने बसावे लागते. रविवारी खोलीवरही तसेच. आठवडाभरात कुणाशी काय बोलले, ते आठवत बसते.

तब्येतीला जपावे, ही विनंती.
तुमची, बुर्गी

लोम्नित्सग्रुंड,
२४ फेब्रुवारी

चि. बुर्गीस अनेक आशीर्वाद.

तुझी दुरुस्ती उशिरा पोचली. तोवर मी खाणीच्या फाटकापासून चर्चपर्यंत सांगून बसलो होतो. बेकरीवाल्या झेफीने केकवर नाव काढले आणि वर मलाच विचारले, की हे खायचे असते की अंगाला लावायचे. आठ मार्चला तिकडे विज्ञान अकादमीत तुमच्या शोधाचा निबंध वाचला जाईल, तेव्हा इकडे चौकात बँड वाजणार. खाण बंद पडल्यापासून त्यांनी वाद्ये बाहेर काढली नव्हती.

सुटलेले गणितही तू तीनदा ताडून बघायचीस. घरी शिकवताना ती खोड मीच लावली, आता मीच भोगतो. पण प्रोफेसरांना कळत नाही ते तुला कळते, असे तर नाही ना? तुझी आई गेल्यापासून या घरात मी बोलतो आणि घड्याळ ऐकते. या आठवड्यात मात्र रोज कुणीतरी दार वाजवते.

वेळेवर जेवत जा.
तुझा बाबा

व्हिएन्ना,
बुधवार, २८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सोमवारी रिकामी बशी मोजली. मिनिटाला अडतीस. मग दुसऱ्या मजल्यावरून कोरी बशी आणून तीत भुकटी ठेवली. दोन. लोम्नियम नाही, बाबा. बशांवर धूळ बसू नये म्हणून डिसेंबरात मीच त्या भिंतीतल्या कपाटात हलवल्या. भिंतीपलीकडे रेडियम असते. त्यातून निघणारा वायू फटींतून आला आणि बशांवर थर धरून बसला.

शेजारच्या टेबलावरच्या क्रामरला तेवढे सांगितले. तो म्हणाला, की बाई, गप्प बस, वर्षभराने दुसरे कुणीतरी खोडून काढेल. तुझी नेमणूक जूनमध्ये संपते, विसरू नकोस. मला नेमणूक आठवली नाही, तुमचे दार आठवले. म्हणून दोन दिवस मीही गप्प बसले. ते बरोबर नव्हते.

बँडवाल्यांना हे पत्र दाखवा. दारावरची थाप थांबली तर माझ्यावर रागवा, पण पत्रे थांबवू नका.
तुमचीच, बुर्गी

ता. क. प्रोफेसर बर्लिनला गेले आहेत, सोमवारी, ५ मार्चला सकाळच्या गाडीने परततील. त्यांना स्टेशनवरच गाठून दोन्ही आकडे हातात देणार आहे.