कंप्युटरच्या आमंत्रितांची यादी

देवास, ता. ५ फेब्रुवारी २००४

चि. प्रणव यास मोरोपंत मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे सुखरूप. माझा गुडघा टेकडीच्या पायऱ्या सोडून बाकी सगळीकडे चालतो. धारेस अक्काचा खोकला कसा आहे? तिला साष्टांग नमस्कार सांग, आणि काढा घेतला म्हणाली तरी विश्वास ठेवू नकोस, समोर बसून पाजत जा. तुझा कंप्युटर क्लास जोरात चालल्याचं ऐकून बरं वाटलं. आता जरा बसून वाच, कारण तुझ्या मामाने कंप्युटरमध्ये हात घातला आहे.

आमच्या कारखान्याच्या ऑफिसात सात कंप्युटर आले आणि महिन्याभरात सातांवरही पत्त्यांचा डाव रंगू लागला. मॅनेजर फत्तेसिंग साहेब एकदा मागे येऊन उभे राहिले, तर खरेदी विभागाने (मान वर न करता) त्यांनाच कोणतं पान टाकू म्हणून विचारलं. लगेच हुकूम सुटला, चाळणी बसवा! इंदूरहून अशोक नावाचा कंप्युटरवाला आला. म्हणाला, "भिया, लिस्ट में जिस फाइल का नाम है वोई चलेगी, बाकी सब बंद." यादी कोण करणार? आमच्या आजोबांनी देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या दरबारात आमंत्रितांच्या याद्या केल्या, हे मी ऑफिसात (बहुधा जरा जास्तच वेळा) सांगितलेलं असल्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

अशोकच्या कच्च्या यादीत पहिली चाळीस नावं कंप्युटरच्या स्वतःच्याच फायलींची होती. आता मला सांग, घरात कार्य निघालं तर आपण घरच्यांना अक्षत देतो का? ते मांडवात असतातच. मी चाळीसही नावं काढून टाकली आणि बाहेरच्यांची, म्हणजे पत्रं लिहायचा प्रोग्राम, हजेरीचा, मालाच्या नोंदीचा, अशी सुवाच्य अक्षरात लिहून दिली. अशोकला बस गाठायची होती, त्याने न बघता भरली. दुसऱ्या दिवशी सातही कंप्युटर सुरू झाले आणि निळा पडदा दाखवून गप्प बसले. घरचेच दारात अडकलेले, पाहुण्यांना आत घेणार कोण? अशोकने येऊन निस्तरेपर्यंत दोन दिवस ऑफिस कागद-पेनावर चाललं, आणि त्यानंतर साहेब माझ्याशी "हूँ" याच्या पलीकडे काही बोललेले नाहीत.

इथवर हसण्यासारखंच आहे. पण चाळणीत एक पोर अडकली. मालोजी माझे बावीस वर्षांचे सोबती, गेल्या वर्षी कामावर असतानाच गेले. त्यांच्या जागी मुलीला, देवश्रीला घेतलं, पण अट अशी की एक मार्चची हिंदी टायपिंगची परीक्षा पास झाली तर कायम, नाही तर घरी. घरात आई, कुसुमावती वहिनी, आणि मिळवतं दुसरं कोणी नाही. कंप्युटर तर नाहीच. म्हणून ही जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातच टायपिंग शिकवणाऱ्या एका प्रोग्रामवर सराव करायची. तो यादीत नव्हता. (यादीसाठी कोणाला काय लागतं हे मी टेबलाटेबलाशी विचारत फिरलो तेव्हा ती लाजून बोललीच नाही.) नवं नाव घालायला साहेबांची सही हवी, आणि साहेब "हूँ"वर अडलेले. पोर रोज डबा खाऊन रिकामी बसायची. मला फार लागलं रे ते. चूक माझी आणि शिक्षा मालोजींच्या मुलीला.

मग माझ्या लक्षात आलं की ही चाळणी फक्त नाव बघते, तोंड बघत नाही. मी टायपिंगच्या फायलीला हजेरीच्या प्रोग्रामचं नाव दिलं. चालली! तीन आठवडे देवश्री सुट्टीत "हजेरी" करते आहे, आणि तिची चिकाटी बघून साहेबांनी तिला चारचौघांत शाबासकीही दिली. पण सोळा तारखेला अशोक नवी चाळणी बसवतो आहे. ती नाव विचारतच नाही, फायलीच्या अंगठ्याचा ठसा घेते म्हणे. ठसा यादीत नसेल तर बाहेर.

असो. अक्काला जप, तूही वेळेवर जेवत जा.

तुझा,
मोरोपंत मामा

ता. क. पत्र खुशालीसाठीच लिहिलं आहे. पण सहज आठवलं म्हणून विचारतो, फायलीचा ठसा घेतात कसा आणि यादीत चढवतात कसा, हे तुझ्या क्लासातल्या सगळ्यात ढ पोराला समजेल असं लिहून चौदा तारखेच्या आत पाठव. यादी अजून माझ्याच ताब्यात आहे. साहेबांना मात्र कुणकुण लागता कामा नये.

आणखी ता. क. हे पत्र सरावासाठी देवश्रीकडूनच टाइप करून घेतलं आणि टपालात टाकायलाही तिच्याकडेच देतो आहे. काळजी नको. टायपिस्ट मजकूर वाचत नाही, नुसता उतरवतो, हे मी तीस वर्षं बघतो आहे.

(खाली पेनाने)

प्रणवदादा, मी देवश्री. मी वाचलं. माझी मराठी कच्ची आहे, चुकलं तर माफ करा. साहेबांना मी पहिल्याच हफ्त्यात सगळं सांगून दिलं होतं, मला झोप नव्हती येत. ते हसले. बोलले, "मालूम है बेटा, हाजिरी में इतनी खटखट नहीं होती. मोरोपंतजी को मत बताना." नव्या लिस्टमध्ये माझा टायपिंगचा प्रोग्राम दिसला तरी ते सही करणार आहेत. तरी तुम्ही काकांना ठशाची रीत जरूर लिहून पाठवा, आणि गुपचूपच पाठवा. बाबा गेल्यापासून माझ्यासाठी चोरी करणारे ते एकटेच आहेत.