कोणी हात न लावलेला दगड

सक्करदरा, नागपूर
१२ जानेवारी १९६७

चि. बळीरामभाऊजींस वच्छलावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुमचं लखनौचं पत्र मिळालं. यांना वाचून दाखवलं. आपल्या टाकळीच्या नाल्यातून नेलेल्या दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या फुलांचे परागकण सापडले आणि तुम्ही ते सूक्ष्मदर्शकाखाली दिवसभर पाहत बसता, हे ऐकून तुमचे दादा हसत सुटले. म्हणाले, की आमच्या बळीले समोरचा पाण्याचा गडवा दिसत नव्हता, त्याले आता दगडातली धूळ दिसून राहिली. मी हसले नाही. धूळ झाडणाऱ्याला पगार नाही आणि शोधणाऱ्याला आहे, एवढं मला नवीन कळलं.

तुम्ही शाळेत असताना कुहीच्या वावरात आभाळातून पडलेला तो काळा दगड आमच्याकडे सुखरूप आहे. घर सोडताना तुम्ही दादांना तो जपायला सांगितलंत, ते त्यांनी फार मनावर घेतलं. तो त्यांच्या हत्यारांच्या फळीवर असतो. दर शनिवारी रेल्वेच्या कारखान्यातून आले, की पाने-पक्कड पुसायला खाली काढतात. त्यात तोही उतरतो. बायकोची इतकी विचारपूस होत नाही.

जेवणाची हेळसांड करू नका. दोन ओळी तरी पाठवत जा, म्हणजे यांचा जीव थाऱ्यावर राहतो.
तुमची, वच्छलावहिनी


शिवसागर, आसाम
३ सप्टेंबर १९७४

ती. सौ. वहिनींस बळीरामचा शि. सा. न. वि. वि.

मी आता तेलाच्या कामात आहे. तुम्ही ज्याला धूळ म्हणून हिणवता, तीच इथे कामी येते. कोणत्या खडकात कोणते परागकण आहेत, त्यावरून खडकाचं वय कळतं. वय कळलं, की तेल कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. वर आलेलं तेल तपासून ते कोणत्या थरातलं, हेही मी सांगतो. साहेब म्हणतात, की माझ्यासारखी जुळवणी दुसऱ्याला जमत नाही.

दिवाळीला येणं होणार नाही. विहिरीचं काम सुरू असताना मला हलता येत नाही. दादांना सांगा, दगड जपावा. कधीतरी त्याचीही वेळ येईल.

दादांस साष्टांग नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू द्यावी.
बळीराम


सक्करदरा, नागपूर
९ मार्च १९७९

चि. बळीरामभाऊजींस आशीर्वाद.

तार पोचली होती, हे तुमच्या पत्रावरूनच कळलं. अग्नी द्यायला सख्खा भाऊ नव्हता. कारखान्यातला लहानू पुढे झाला. तो मला म्हणाला, की वहिनी, तुमचे दीर काहून नाही आले? मी म्हटलं, ते तेलाच्या विहिरीजवळ आहेत, आपल्या पाण्याच्या विहिरीवरच्या माणसांचं त्यांना काय.

पाकिटावर तुम्ही इतकी वर्षं 'सौ.' लिहीत होता, या वेळी 'गं. भा.' लिहिलंत. माणूस आला नाही, दोन अक्षरं आली. आत दुःखाची एक ओळ आणि दगडाचं सबंध पान. तेल सोडून तुम्ही आता बंगलोरला जाणार, पृथ्वीबाहेर जीव आहेत का ते शोधणार, आणि म्हणून दगड हवा. आधी जमिनीत मेलेले जीव, मग त्यांचं तेल, आता आभाळातले जीव. मधे जी जिवंत माणसं राहतात, त्यांचं शास्त्र काही कोणी काढलं नाही वाटतं.

दगड मिळणार नाही.

लोभ असावा, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.
वच्छला


सक्करदरा, नागपूर
२० नोव्हेंबर १९८२

चि. बळीरामभाऊजींस आशीर्वाद.

जवळजवळ चार वर्षं तुम्ही मागत राहिलात. शेवटी दिला, तो तुमच्यासाठी नाही. यांनी तो तुमचा म्हणून सांभाळला. मी अडवून ठेवला असता, तर त्यांच्या सांभाळण्याला अर्थ उरला नसता.

तुमचा माणूस पांढरे हातमोजे घालून आला. दगडाला घरातला हात लागू नये म्हणून मला दाराशी उभं केलं. चहाच्या वेळी मात्र हातमोजे काढले. त्याने मला काही विचारलं नाही, तुम्हीही पत्रात कधी विचारलं नाही. शहाण्या माणसांना न विचारता सांगायची मला सवय नाही.

एकच मागणं आहे. काय पाहायचं ते वरून पाहा. दगड कापू नका.

तब्येत सांभाळा. आठवण राहील एवढी तरी जागा मनात ठेवा.
वच्छला


बंगलोर
१४ ऑगस्ट १९८३

ती. गं. भा. वच्छलावहिनींस बळीरामचा शि. सा. न. वि. वि.

वहिनी, रागावू नका, दगड कापावा लागला. पण ऐका काय मिळालं! अगदी आतल्या भागाची भुकटी तपासली आणि तिच्यात सजीवांच्या शरीरात असतात तसली स्निग्ध द्रव्यं सापडली. आभाळातून आलेल्या दगडात! म्हणजे जीव केवळ आपल्या पृथ्वीवरच जन्मला असं नाही. येत्या महिन्यात परिषदेत मी हे वाचणार आहे. देशोदेशीचे लोक येणार आहेत. हे टिकलं, तर माझ्या आयुष्याचं सोनं झालं. नाही टिकलं, तर या वयात पुन्हा कोणी मला उभं करणार नाही.

सहकारी शंका काढतात, की बाहेरचं काही लागलं असेल. मी त्यांना ठणकावून सांगितलं, आणि निबंधातही लिहिलं, की दगड पडल्यापासून आमच्या घरी फळीवर होता, त्याला कोणी हात लावला नाही.

आज दादा हवे होते. माझ्या यशासाठी आशीर्वाद पाठवावा.
बळीराम


सक्करदरा, नागपूर
१९ ऑगस्ट १९८३

चि. बळीरामभाऊजींस.

आशीर्वाद नंतर. आधी वाचा.

कोणी हात लावला नाही, असं तुम्ही छापायला दिलंत. मग तुमचे दादा कोण होते? दर शनिवारी ते दगड खाली काढत, फडक्याने पुसत आणि जवसाचं तेल चोळत. तुम्ही गेल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्याच्यावर तांबडे ठिपके उठले, तेव्हा ते घाबरले. म्हणाले, की याच्यात लोखंड हाय, बळी येईपर्यंत गंज खाऊन टाकन. जवसाचं तेल वाळून धरून राहते, दुसरं टपकून जाते. मी चिडवायची, की देवालाही इतकं तेल मिळत नाही. ते म्हणायचे, देव त्याच्या भरोशावर हाय, हा माह्या भरोशावर हाय. छातीत पहिली कळ आली त्या आठवड्यापर्यंत एक शनिवार चुकला नाही.

मी वाचनालयातली पुस्तकं वाचून शिकलेली बाई. तुमचं शास्त्र मला अर्धं कळतं. पण तुम्हाला सापडलेली स्निग्धता आभाळातली का आमच्या बाटलीतली, हे तुम्हीच तपासा, आणि परिषदेआधी तपासा. फुलं मातीत गेली त्याला कोट्यवधी वर्षं झाली, त्यांचे परागकण तुम्ही ओळखता. जमिनीखालचं तेल कोणत्या थरातलं ते ओळखता. भावाच्या हाताचं तेल तेवढं ओळखता आलं नाही.

आणि जपा म्हणून सांगितलंत, तर कसं जपताय, एवढं एकदा विचारायचं होतं.

तुमचं हसू व्हावं अशी माझी इच्छा नाही. म्हणून हे आजच टाकते.
वच्छला


बंगलोर
१६ सप्टेंबर १९८३

ती. गं. भा. वच्छलावहिनींस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. ते पत्र फाडलं आणि पुन्हा जुळवलं. मग बाजारातून जवसाचं तेल आणवलं आणि भुकटीशी ताडून पाहिलं. आसामात जे वर्षानुवर्षं केलं, तेच केलं. दोन्ही जुळली. दगडातल्या बारीक भेगांतून तेल मुरत मुरत पार मध्यापर्यंत गेलं होतं.

परिषदेत उभा राहिलो आणि सांगितलं, की निष्कर्ष मागे घेतो, दगडाला माझा भाऊ तेल लावत होता. मागच्या रांगांत हशा पिकला. अध्यक्षांनाही हसू आवरेना. आता इथे मला जवसवाले म्हणतात. दगडात जीवाची खूण नाही, असं लिहून दिलं.

दगडाचं आता इथे कोणाला काम नाही. पार्सलने पाठवू का? तुमच्या दाराशी यायला मला तोंड नाही.
बळीराम


सक्करदरा, नागपूर
२२ सप्टेंबर १९८३

चि. बळीरामभाऊजींस अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

पार्सलने पाठवू नका. हसणारे हसोत. एवढ्या विद्वानांना एक भाऊ दुसऱ्याची वस्तू सांभाळतो यात हसण्यासारखं सापडलं, तर त्यांनी खुशाल आभाळात माणसं शोधावी. खाली त्यांना ती दिसायची नाहीत.

तुम्ही लिहून दिलेलं मात्र मला पटलं नाही. दगडात जीवाची खूण आहे. ती आभाळातून आलेली नाही, एवढंच. यांचे सदरे मी वाटून टाकले. चपला देऊन टाकल्या. भिंतीवरच्या फोटोच्या काचेला हात लावला, तर काचच लागते. यांच्या हाताचं जे काही उरलं असेल, ते तुमच्या त्या भेगांत आहे. म्हणून दोन्ही तुकडे आणा. भुकटी उरली असेल, तर तीही कागदात बांधून आणा. काही धुऊ नका.

तुम्ही कापलेल्या बाजूला वरून तेल चोळलेलं नाही, ती आतापर्यंत तांबडी पडायला लागली असेल. यांची बाटली फळीवर तशीच आहे, जुनं फडकंही आहे. मी त्यांना अजून हात लावलेला नाही.

तोंड नाही म्हणता, तर तोंडाचं काम नाही. हात घेऊन या. शनिवारी या.
तुमची, वच्छलावहिनी