मुखड्याआधीची घाई

दादा,

आपला बँड मोडून तू काढलेली एकट्याची पहिली रेकॉर्ड घरी आली. लालभडक, मोजक्याच प्रतींतली, वर तुझी सही. आई येईल-जाईल त्याला दाखवते, पण लावू देत नाही. म्हणते, ओरखडा पडेल.

आज ती बाहेर गेली आणि मी लावलीच. माझ्या जागी घेतलेला ड्रमर कुठे चुकतोय ते पकडायला कान टवकारून बसले. आणि चुकला की! मुखड्यावर येताना घाई, दर वेळी, अगदी माझ्यासारखी. त्याच घाईवरून मला सगळ्यांदेखत झापायचास ना? मग त्याला मुद्दाम शिकवलीस?

माझी जागा त्याला दिलीस ती दिलीस. निदान चूक तरी माझ्यापाशी राहू द्यायचीस.

हे काही मी पाठवणार नाही.

तुझी,
ड्रम बडवणारी बहीण