लेथवरच्या पोरीच्या कानातला पॉडकास्ट

प्रति,
मा. कुलसचिव,
विद्यापीठ कार्यालय.

विषय : यंत्रशाळेच्या सुरक्षिततेचा पॉडकास्ट सोमवारपूर्वी बंद करणेबाबत.
संदर्भ : अर्जदारास मिळालेली निलंबनाची नोटीस.

महोदय,

१. सदर अर्जदार यंत्रशाळेत लेथ, म्हणजे धातू कातायचे यंत्र, चालवायला शिकवतो. आपल्या आदेशाने त्याचे सुरक्षिततेचे तास बंद झाले व त्याच्याच आवाजात पॉडकास्ट आला. तो सलग ऐकला तरच हजेरी लागते. मध्ये थांबवला की पुन्हा पहिल्यापासून. कोणा शहाण्याची ही अक्कल, देव जाणे.

२. सगळे जिला चिमणी म्हणतात ती विद्यार्थिनी त्या दिवशी पॉडकास्ट ऐकतच लेथपाशी आली. हजेरी बुडेल म्हणून तिने इअरफोन काढले नाहीत. फिरत्या दांड्यात तिची बाही अडकताना अर्जदार पलीकडून घसा फोडून ओरडला, "पोरी, मशीन बंद कर!" तिच्या कानात तोच अर्जदार गोड आवाजात सांगत होता, की काम करताना कान मोकळे ठेवावेत. अर्जदार बटणापर्यंत पोहोचेतो उजवा हात कोपरापर्यंत पिळवटला होता. रक्त छताला लागले. अर्जदाराने कमरेचा पट्टा काढून तिचा दंड आवळला. ती शुद्धीवर होती, हे सर्वांत वाईट.

३. हात कापावा लागला. चौकशीत यंत्रशाळेचे संचालक म्हणाले, "पॉडकास्टचा काय दोष? तिनं तर शेवटपर्यंत ऐकलाय!" इअरफोन रक्तात पडून बोलतच होते, म्हणून तिची हजेरी लागली, महोदय. अर्जदाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने हातोड्याने ध्वनिमुद्रणाची खोली फोडली. संचालक मध्ये आले, त्यांचे दोन दात पडले. नोटिशीतले सर्व आरोप कबूल आहेत. नोकरी परत नको.

४. परंतु पॉडकास्टमुळे विद्यार्थ्यांचे शिक्षण सुधारते, असे आपल्या अहवालात लिहून पुरावा म्हणून चिमणीचेच गुण जोडले आहेत. हे म्हणजे जखमेवर मीठ. तिला सुरक्षिततेच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले, हे खरे. ऐकलेले सारे तिला तोंडपाठ आहे. तो पेपर तिने इस्पितळाच्या खाटेवर डाव्या हाताने लिहिला. कागद सरकू नये म्हणून तिच्या आईने धरला होता.

५. सोमवारी नवी तुकडी यंत्रांवर येते. पोरांच्या कानात पुन्हा अर्जदारच असेल. तरी तो आवाज बंद करावा. न केल्यास अर्जदार हातोडा घेऊन येईल. ही धमकी नसून आगाऊ सूचना समजावी.

अजून दोन्ही हात असल्याने ते जोडून विनंती करणारा,
(सही)
यंत्रशाळा निदेशक, निलंबित
दिनांक : शुक्रवार