चौथी पट्टी

७ जानेवारी २०१९, सोमवार

पोचलो एकदाचा रायपूरला. हिंगणघाटहून निघताना मायनं विचारलं, हे काम किती दिवस टिकवशील? ढाबा सोडला, टायरचं दुकान सोडलं, रंगाऱ्याच्या हाताखाली तर आठवडाही नाही झाला. पण हे काम झकास आहे. ब्राह्मणपाऱ्यात एका पोहेवाल्याच्या वर, दुसऱ्या माळ्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि शालिग्राम आजोबा. रेल्वेच्या हापिसातून रिटायर झालेले. त्यांची बायको विजयाबाई मागच्या महिन्यात वारल्या. मुलगी मंजिरीताई पुण्यात. तिनं फोनवर एकच गोष्ट तीनदा बजावली, अच्युत, बाबांना एकटं सोडायचं नाही. एकोणीस तारखेला ती येणार आणि त्यांना घेऊन जाणार. म्हणजे बारा दिवस. बारा दिवस तर मी कुठंही टिकतो.

आजोबा गमत्या माणूस आहेत. वरणात मीठ विसरलो तर म्हणाले, पोट्ट्या, तू बारावी नापास की चौथी? दुपारी बाराला त्यांच्या टॅबवर ताईचा व्हिडिओ कॉल येते, ती त्यांना जेवताना पाहते. खालून जिलेबीचा वास येऊन राहिला. उद्या खाऊन पाहतो.

८ जानेवारी

टॅबवर अपडेट आलं होतं, मी दाबून टाकलं. अर्धा तास गोल चक्कर फिरत राहिलं आणि मग घरचं वायफाय काही लागेना. पासवर्ड टाकला, राउटर बंद करून चालू केला. माझ्या फोनवर चालते, टॅबवर नाही. यादीतली शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी नावं गायब. एकच उरलं आहे, ‘विजया’. त्याच्यापुढं चारातली एक पट्टी भरलेली.

आजोबांनी टॅब घेतला आणि त्या नावावर बोट फिरवलं. मग म्हणाले, हा आधी तिच्याच फोनच्या हॉटस्पॉटवर चालायचा, वायफाय मंजूनं मागून बसवलं. एकदम खुशीत आले. म्हणाले, जा रे, बूढ़ातालाब पाहून ये, घरात काहून बसून राहिला?

ताईचा कॉल माझ्या फोनवर लावून दिला आणि गेलो. एक बाई माशांना मुरमुरे टाकत होती, ते पाहता पाहता दोन तास गेले.

९ जानेवारी

आज टॅबवर दोन पट्ट्या. बूढ़ापाऱ्यात नीलेशचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, खालच्या पोहेवाल्याला आजोबांजवळ बसवून तिथं नेला. पोरगा मराठी आहे पण बोलतो हिंदीतच. म्हणाला, अरे भैया, अपडेट के बाद पुराना नेटवर्क पकड़ लेता है, मिटा दो. मिटवलं. नाव गेलं, पाणी पिऊन होईस्तोवर परत आलं. त्यानं आपला फोन शेजारी धरला, त्यात ‘विजया’ नाही. विचारलं, किसका है? मी म्हटलं, आजीचा. तर म्हणे, दादी को बोलो बंद करे.

घरी दोन पट्ट्या. नीलेशच्या दुकानातही दोनच होत्या. कुठंही न्या, तेवढ्याच. असं कसं?

१० जानेवारी

आजोबांना विचारलं, आजीचा फोन कुठं आहे? म्हणाले, राजिमच्या संगमावर, अस्थींसोबत पाण्यात सोडला, तिचा जीव होता त्याच्यावर.

मग आपणहून सांगत बसले. दहाव्याला महादेवघाटावर पिंड ठेवला, कावळा शिवेना. ऊन चढलं. सगळ्यांनी सांगून पाहिलं. शेवटी मंजू हात जोडून बोलली, आई, बाबांना एक दिवसही एकटं ठेवणार नाही. तेव्हा शिवला. पंधरा दिवसांनी मंजू पुण्याला गेली. बदल्यात मी आलो.

आजोबा हसत होते. म्हणाले, विजया शब्दाची पक्की आहे, दुसऱ्याचाही शब्द ती तपासतेच.

मी आज कुठं गेलो नाही. पट्ट्या दोनच.

१३ जानेवारी

चूक झाली. आजोबाच म्हणाले, सिलतऱ्याची भट्टी पाहिली नाही तर रायपुरात आला काहून? खालच्या पोहेवाल्याचा भाऊ तिकडं ट्रक घेऊन चालला होता. लोखंड पाण्यासारखं वाहताना पाहिलं आणि दिवस तिथंच गेला.

तीन पट्ट्या.

आता कळलं. मी त्यांना एकटं सोडलं की एक वाढते. घरात राहिलो की थांबते. कमी होत नाही. एकच उरली. ती भरली की आजी त्यांना न्यायला येईल, दुसरं काय. जिवंत माणूस माझ्या भरवशावर आहे.

१५ जानेवारी

संक्रांत. आजोबा म्हणाले, जा, तिळगूळ वाटून ये माळ्यामाळ्यावर. नाही गेलो. बीपीची गोळी संपली म्हणाले. पोहेवाल्याला खिडकीतून ओरडून मागवली. चिडले. मग लाडात आले, म्हणाले, तू तर फिरस्ता ना रे?

मले बाहेर काहून धाडतात?

ताईला सगळं सांगितलं. वाटलं हसेल. तर म्हणाली, परवा दुपारी विमानानं पोचते, तोवर जागचा हलू नकोस.

१६ जानेवारी

हललो नाही. वही खिशात, टॅब हातात. न्हाणीघरात जाताना दार उघडं ठेवतो आणि गाणं म्हणत राहतो, त्यांना ऐकू जावं म्हणून.

आजोबांनी दाढी केली. धुतलेला सदरा काढून ठेवला. विचारलं, टॅब चार्ज आहे ना?

१७ जानेवारी

ताई विमानात आहे. एका तासाचा प्रश्न —

पावणेबाराला आजोबांना ठसका लागला. लागतच राहिला. डोळे पांढरे. पाणी मागितलं. दहा पावलं फक्त. माठात गडवा घातला आणि मागं स्वयंपाकघराचं दार लागलं. बाहेरून कडी.

ठसका थांबला.

टॅबवर चार पट्ट्या. आपोआप जोडला गेला. अडकलेले मेसेज एकामागून एक पडले —

८ जानेवारी : तुमची हाक ऐकली. निघाले. पोरगा बाहेर गेला का?
खाली आजोबांचं उत्तर : हव.

९ जानेवारी : राजिम सोडलं. त्याला असंच पाठवत जा.
हव.

१३ जानेवारी : घाटावर आले.
हव.

आज, ११:४४ : पायऱ्यांशी आहे. त्याला पाण्याला पाठवा.
हव.

टॅब तर कालपासून माझ्याच हातात, मग हे हव कधी लिहिलं? दार ठोकलं, हाका मारल्या. तिकडं आजोबा हळू बोलून राहिले, लाजल्यासारखे. आणि बांगड्या —

माझा फोन त्यांच्या खोलीत वाजला. ताई उतरली असेल. कुणीतरी उचलला. बाईचा आवाज. ताईला सांगून राहिली, ये सावकाश, बाबा एकटे नाहीत. आणि तो पोरगाही एकटा नाही, त्याच्याजवळ मी आता —

कडी सर