दोन बोटं माया

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! सामान उतरवणाऱ्यांनी आमच्याशी जुनं वैर असल्यासारखी खोकी आपटली, तरी फुटली एकच बरणी, आणि तीही नवऱ्याच्या आत्यानं दिलेली. म्हणजे चांगलीच सुरुवात म्हणायची. वरचा मजला आमचा, खाली घरमालकीण. दोन खोल्या, एक लांबट स्वयंपाकघर, आणि खिडकीखाली असं ऐसपैस टेबल की बघताक्षणी मी त्यावर हक्क सांगितला. नवरा म्हणाला, टेबल घे, पण त्यावर काहीतरी कर, नुसता पसारा नको. स्वतः उद्याच फिरतीवर पळतोय, महिनाभर तोंड दाखवणार नाही, आणि शहाणपण मला शिकवतोय.

भिंगरी खूश आहे. आमची लेक, चार वर्षांची. खरं नाव वेगळं, पण एका जागी टिकेल तर शपथ. चवड्यांवर उभी राहून ती दाराची कडी काढायला शिकली आणि दिवसभर आम्हाला तेवढंच दाखवत होती. प्रवासात तिनं अस्वलाचं पोट फाडलं. प्रत्येक खेळण्याच्या आत काय आहे ते तिला बघायचंच असतं. कापूस असतो गं बाई, दर वेळी कापूसच! पण नाही, बघितल्याशिवाय पटत नाही. कात्र्या-सुऱ्या सगळ्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या.

७ नोव्हेंबर

घरमालकिणीला मी मावशी म्हणायला लागले. ती लहान मुलांचे कपडे आणि कापडी खेळणी शिवून विकते. अस्वल शिवून मिळेल का विचारायला गेले, तर म्हणाली, शिवून कशाला घेतेस, शिकूनच घे, तुझी पोर रोज एक फाडणार. बाईला माणसं कळतात. मला मात्र सुईत दोरा ओवायलाच अर्धी सकाळ लागली.

आज पहिला धडा झाला. मुलांच्या कपड्यात शिलाईच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं, निदान दोन बोटं. त्याला माया म्हणतात. मूल वाढलं की शिलाई उसवून कपडा तेवढा मोठा करायचा. हे मला आईकडून ऐकून माहीत होतं. पण मावशीचं पुढचं ऐकून हसू आवरेना. मुलाच्या कपड्याची माया कधी कापायची नाही म्हणे. चुकून कापलीच तर जाळून टाकायची, खेळण्यात भरायची नाही. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, वाढीचं कापड आहे ते, ज्याच्यात जाईल ते वाढेल. म्हातारं माणूस, दुसरं काय!

माझ्या अंगावरच्या निळ्या गाऊनची शिलाईही तिनं उलटून बघितली. माझ्या आईनं शिवलाय तो, आत चांगली चार बोटं माया, कारण आईच्या मते बाळंतपणानंतर मी भोपळा होणार होते. मावशी म्हणाली, तुझ्या आईनं तुझी चांगली सोय करून ठेवलीय.

११ नोव्हेंबर

दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या! भिंगरीला पिवळ्या कापडाचा फ्रॉक शिवतेय. बाह्या उसवल्या, परत लावल्या, तर आता एक उलटी. मावशी चष्म्यावरून बघत राहिली आणि म्हणाली, शिकाऊ माणसाचा हात एक तर कमी पडतो, नाही तर जास्त. तिच्या बोलण्यात कौतुक नसतं आणि रागही नसतो. वजनकाटाच आहे ती बाई. रात्री बोटांना सुया टोचलेल्या मोजायच्या सोडून दिल्या.

१४ नोव्हेंबर

झाला, झाला, फ्रॉक झाला! आणि काय सुरेख बसलाय! आधी मायेमुळे कुशीत गोळे येत होते, पोर बोचकं दिसत होती. मी सरळ आतली माया कापून टाकली आणि शिलाई बारीक करून घेतली. आता असा बसलाय की दुकानातला वाटावा. वाढली तर वाढली, नवा शिवीन, आता काय येतंच मला.

उरलेल्या कापडाचा ससा केला. कापूस कमी पडला म्हणून कापलेल्या पट्ट्या त्याच्या पोटात कोंबल्या. चांगलं नवं कापड जाळायचं? माझ्यानं नाही होणार बाई. एक कान लांब, एक आखूड, पण भिंगरी त्याच्यावर फिदा आहे. नाव ठेवलं गुब्या. आणि नवल म्हणजे पोटाला हात घालून तिनं तो फाडला नाही. एकदा बोट खुपसलं आणि लगेच काढून घेतलं. म्हणाली, दुखतं.

१७ नोव्हेंबर

मावशीच्या आतल्या खोलीत आज पहिल्यांदा गेले. खिडकीशी आरामखुर्चीत तिची लेक बसलेली होती. चांगली थोराड, मानेपासून पायापर्यंत शाल, आणि मांडीवर एक छोटी बाहुली. मावशी नुसतं म्हणाली, ही माझी लेक, चाळिशीला आली. मी नमस्कार केला, हवापाण्याचं बोलले, पण तिकडून हूं नाही की चूं नाही. आजारी असावी बिचारी. एवढी मोठी बाई आणि बाहुली घेऊन बसलेली बघून वाईट वाटलं. बाहुली मात्र अप्रतिम आहे, अगदी खरे केस. मावशीच्या हाताला तोड नाही.

२० नोव्हेंबर

भिंगरीचा हात कडीला पोचत नाही. आज पाच-सहादा प्रयत्न केला, मग रडायला लागली. मी म्हटलं, दमली असेल. बूटही ढिले होताहेत. फ्रॉकही सैल लागतोय. पण मीच तर तो अंगाबरोबर बेतला होता. मग सैल कसा?

डॉक्टरकडे नेऊन आणलं. म्हणाले, वजन थोडं कमी आहे, नव्या जागेत मुलं खात नाहीत, महिन्यानं दाखवा.

गुब्याच्या पोटाची शिलाई ताणली गेलीय. कापूस फुगला असेल. आखूड कान आता आखूड राहिलेला नाही.

२३ नोव्हेंबर

नवऱ्याला फोनवर सांगितलं. हसला. म्हणाला, मुलं लहान होत नसतात, तू एकटी पडल्येस, उगाच डोक्यात काहीतरी घेऊ नकोस. त्याला काय जातंय तिकडे बसून बोलायला! सकाळी भिंगरीला उचललं तर हाताला वजनच लागलं नाही. जुन्या खोक्यातून तिचे दोन वर्षांपूर्वीचे कपडे काढले. ते बसतात. छान बसतात. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

गुब्या तिच्याएवढा झालाय. त्याला कडेवर घेऊन बघितलं. कोमट आहे.

२४ नोव्हेंबर

काल संध्याकाळी पोरीला घेऊन खाली धावले. मावशी आतल्या खोलीत होती, बाहुलीला नवा फ्रॉक घालत होती. बाहुलीनं बाही घालायला हात स्वतः वर केला.

मी बघितलं. मी नीट बघितलं. बाहुलीनं माझ्याकडे डोळे वळवले. चाळिशीतल्या बाईचे डोळे. आणि खुर्चीतल्या त्या थोराड बाईच्या मानेवरून शाल सरकली होती, तिथे गळ्याभोवती गोल शिलाई होती. मोठे मोठे टाके, माझ्यासारखेच, शिकाऊ हाताचे.

मांडीवरची ती लेक आहे. खुर्चीतलं ते खेळणं.

मावशी शांतपणे म्हणाली, मलाही कुणीतरी सांगितलं होतं, मलाही हसू आलं होतं. मी तिचे पाय धरले. फ्रॉक काढून टाकू का, ससा जाळू का, विचारलं. ती म्हणाली, फ्रॉक काढून काही होत नाही, आणि ससा जाळलास तर काय जळेल ते तुझं तू बघ.

२५ नोव्हेंबर

गुब्याचं पोट उसवायला घेतलं. एकच टाका कापला आणि पलीकडच्या खोलीतून भिंगरी अशी किंचाळली— पोट धरून लोळत होती. आत कापूस नव्हता. ओलसर, गरम काहीतरी होतं आणि ते हलत होतं. परत शिवलं. मी शिवत होते तोवर ती ओरडत होती, प्रत्येक टाक्याला.

भिंगरी आता माझ्या उशीवर झोपते. उशी पुरून उरते.

२६ नोव्हेंबर

उपाय आहे! मावशीनं आज सांगितला. आधी का नाही सांगितलास, असं मी भांडले, तर म्हणाली, तू विचारला नाहीस. रक्ताच्या माणसाच्या कपड्यातली माया, अंगावर घालून मुरलेली, ती काढून फ्रॉकला जोडायची. पण ज्याची काढू, त्याचं तेवढं जाणार. मी विचारलं, मग तू तुझ्या लेकीसाठी का नाही जोडलीस? ती म्हणाली, कोण आपलं अंग कमी करून घेतं? हे म्हणताना मांडीवरच्या लेकीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. लेक मात्र तिच्याकडे बघत होती. इतकी वर्षं तशीच बघत असेल.

मी नाही तिच्यासारखी. आई आहे मी.

निळा गाऊन उसवला. दोन्ही कुशी, खालची पट्टी, बाह्या. चारही बोटं काढली, एक धागा मागे ठेवला नाही. सगळी पट्टी फ्रॉकच्या आत जोडली. या वेळी टाके सरळ आले. आईगं, काय सोय करून ठेवली होतीस!

२७ नोव्हेंबर

वाढतेय! माझी सोनी वाढतेय! दुपारी कडीला हात पोचला. कडी वाजवून वाजवून मला दाखवली. मी हसत होते आणि रडत होते. माझ्या चपला सैल झाल्या आहेत. होऊ देत.

२८ नोव्हेंबर

चवडे न उचलता कडी काढते. माझ्या खांद्याला लागली. का मी तिच्या— टेबल उंच झालंय.

खाली गेले. जिना उतरताना एकेक पायरी बसून उतरावी लागली. मावशीनं विचारलं, किती घातलीस? सगळी, म्हटलं. तिनं चष्मा काढून पुसला. म्हणाली, दोन बोटं पुरली असती. मी विचारलं नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

काढता येईल का परत? नाही. मुरली.

२९ नोव्हेंबर

भिंगरी आता चांगल्या मोठ्या बाईएवढी आहे. पण डोकं चार वर्षांचंच. मला कडेवर घेऊन घरभर फिरते. आई इवलीशी, आई इवलीशी, म्हणत खिदळते. मुके घेते, नाक दुखेपर्यंत. भरवते, घास माझ्या डोक्याएवढा. मी थांब म्हणते ते तिला ऐकू जात नाही, की ऐकायचं नाही?

नवऱ्याचा फोन आला. तिनं उचलला. आवाज अगदी माझ्यासारखा आलाय. तो मजेत बोलत होता, सगळं ठीक ना म्हणाला. तिनं हो हो म्हटलं आणि ठेवून दिला. मी तिच्या पायाशी उभी राहून ओरडत होते.

मावशीला हाका मारल्या. तिच्या मशीनचा आवाज येत होता. थांबला. मग परत सुरू झाला.

३० नोव्हेंबर

पेन्सिलीचा तुकडा दोन्ही हातांनी धरते— नीट येत नाही—

मला आणि गुब्याला शेजारी बसवलं. आमचं जेवण, आमची शाळा. चुकलं की मार. हात धरून उचलते. डावा हात खांद्यातून— लोंबतोय. तिनं बघितला आणि म्हणाली, आईची शिलाई निघाली.

तिची चूक नाही. तिला कळत नाही. लेकरू आहे माझं—

१ डिसेंबर

कंटाळली. मला उलटं धरून हलवलं. कानाशी धरलं. ऐकत होती. माझं काळीज ऐकत होती. म्हणाली, काहीतरी वाजतंय.

गुब्याचं फाडत नाही. त्याचं फाडलं की तिला दुखतं. माझं फाडलं की तिला—

तिला दुखणार नाही.

स्वयंपाकघरात गेली आहे. वरच्या फळीवर डबे सरकवतेय. हात पोचतो आता. सहज पोचतो. कात्री खाली पडल्याचा आवाज— उचलली—

येतेय. मी पलंगाखाली आहे. वही बाहेर राहिलीय अर्धी, दिसेल— ओढवत नाही— जमिनीवर गुडघे टेकले तिनं— माझ्याच आवाजात, लाडानं विचारतेय, आई, तुझ्या आत काय